वाचक विचारतात: वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांनी गट जमवायचा कसा?

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. समग्र भाषा, म्हणजे ज्याला सगळे होल लँग्वेज म्हणतात (सुट्या अक्षरांपासून सुरुवात न करता खऱ्या गोष्टी आणि मुलांचं स्वतःचं लिखाण यांतून, अर्थ धरून शिकवायचं), त्या विचाराने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारे शिक्षक आणि त्यांना एकमेकांची सोबत कशी मिळेल, हा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: मी पहिली-दुसरीला शिकवते. रोज गोष्ट वाचून दाखवते, मुलांना त्यांच्या मनातलं लिहू देते, चित्राखाली त्यांचंच वाक्य लिहून घेते. शाळेत असं करणारी मी एकटीच आहे, बोलायला कुणी नाही. गट सुरू करायचा तर किती जणी हव्यात आणि सुरुवात कुठून करू?

ताई, किती जणी हव्यात याची काळजी सोडा, अजून एक मिळाली की गट झाला. आणि हे एकटेपण तुमच्याच वाट्याला आलंय असं समजू नका. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये शिक्षकी पेशावर पुस्तक लिहिलं, त्यात शाळेच्या रचनेला त्याने अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली, प्रत्येकजण आपापल्या खळग्यात, शेजारी असून धक्का लागत नाही. ते आजही तसंच आहे. दार लोटलं की आत आपण आणि मुलं, शेजारच्या वर्गात मुलं वाचायला कशी शिकतायत हे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं.

होल लँग्वेजचा इतिहास तर अशा छोट्या गटांनीच घडवलाय. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावात काही वर्गशिक्षक आणि तिथल्या विद्यापीठातल्या डोरोथी वॉटसन एकत्र बसायला लागले, त्या गटाला टॉल म्हणायचे, टीचर्स अप्लायिंग होल लँग्वेजचं छोटं रूप. साधारण त्याच काळात कॅनडात विनिपेगलाही शिक्षकांचा असाच गट उभा राहिला. मग ठिकठिकाणी असे गट निघत गेले आणि १९८९ मध्ये ते सगळे होल लँग्वेज अम्ब्रेला या नावाखाली जोडले गेले, पुढे ही संघटना अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या मोठ्या परिषदेचा भाग झाली. यातला क्रम बघा, आधी माणसं बसली, संघटना खूप नंतर आली. आपण बऱ्याचदा आधी नाव, मग लोगो, मग अध्यक्ष कोण, आणि बसायचं राहूनच जातं.

सुरुवातीचं विचाराल तर "चला गट काढूया" असं कुणाला म्हणूच नका, ऐकणाऱ्याला ते अजून एक काम वाटतं. त्यापेक्षा एखाद्या मुलीने लिहिलेला कागद घेऊन जा आणि विचारा, हिने असं का लिहिलं असेल, तुला काय वाटतं? ज्या बाईंचे किंवा सरांचे डोळे त्या कागदावर थांबतील, तीच तुमची पहिली सभासद. दुसऱ्या शाळेतली असली तर जास्तच चांगलं, तिथे वरिष्ठ-कनिष्ठाचा ताण नसतो. एक वार ठरवा, एक वेळ ठरवा आणि वेळ संपली की उठा. उशिरापर्यंत बसणारे गट फार दिवस टिकत नाहीत, घरी सगळ्यांनाच कामं असतात.

प्रश्न: होल लँग्वेज फेल गेलं, संशोधनाने ते खोटं ठरवलं असं आम्हाला एका प्रशिक्षणात सांगितलं. मग त्याभोवती गट कशाला बांधायचा? आम्ही काही चुकीचं करतोय का?

सरळ बोलते. अर्धं चुकीचं होतं आणि अर्धं आजही सोन्यासारखं आहे, आणि कुठलं अर्धं कुठलं ते कळायला हवं.

ज्यांच्या कामावर होल लँग्वेज उभं राहिलं ते अमेरिकन संशोधक केन गुडमन यांनी १९६५ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांकडून आधी सुट्या शब्दांची यादी वाचून घेतली आणि मग तेच शब्द असलेली गोष्ट. यादीत अडलेले कितीतरी शब्द मुलांनी गोष्टीत बरोबर वाचले. त्यावरून आणि पुढच्या कामावरून त्यांनी १९६७ मध्ये मांडलं की वाचन हा एक अंदाजाचा खेळ आहे, वाचणारा अर्थ, वाक्यरचना आणि अक्षरं या तिन्हींचा आधार घेत पुढे जातो. मुलाच्या चुकीला त्यांनी चूक न म्हणता मिसक्यू म्हटलं, म्हणजे त्या चुकीतून मुलाचं डोकं कसं चालतंय ते दिसतं. हा विचार शिक्षकांना का आवडला असेल ते समजू शकतं ना, कारण पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं की मूल मठ्ठ नाही, ते विचार करतंय.

पण त्या प्रयोगात यादी नेहमी आधी होती आणि गोष्ट नंतर, म्हणजे तेच शब्द मुलं दुसऱ्यांदा बघत होती. न्यूझीलंडमध्ये टॉम निकोल्सन यांनी १९९१ मध्ये हा क्रम आलटून पालटून पाहिला, तेव्हा संदर्भाचा फायदा लहान आणि कच्च्या वाचकांना झाला, चांगलं वाचणाऱ्या मोठ्या मुलांना तो तसा दिसला नाही. वाचनाचे संशोधक कीथ स्टॅनोविच यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की शब्द ओळखायला संदर्भावर जास्त टेकतात ती कच्ची वाचणारी मुलं, पक्क्या वाचकाला शब्द बघताक्षणी ओळखू येतो म्हणून त्याला अंदाज करावाच लागत नाही. डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यासही तेच सांगतो, चांगला वाचक महत्त्वाच्या जवळपास प्रत्येक शब्दावर क्षणभर का होईना थांबतो. मग २००० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने ढीगभर अभ्यास तपासून सांगितलं की अक्षर-ध्वनीचं नातं पद्धतशीरपणे, क्रमाने शिकवलं तर मुलांना फायदा होतो. त्याच अहवालात ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलनही तितक्याच जोरात आहे हे सांगायचं मात्र लोक विसरतात.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तुम्हाला प्रशिक्षणात दिलंच असेल. तिथे १९८७ च्या भाषा आराखड्यात होल लँग्वेजच्या धर्तीवर गोष्टी-पुस्तकांवर भर आला आणि १९९४ च्या राष्ट्रीय वाचन चाचणीत ते राज्य तळाशी गेलं. त्या काळात तिथले वर्ग भरमसाट मोठे होते, घरी इंग्रजी न बोलणारी मुलं वाढत होती, शाळांना पैसा कमी पडत होता, तेव्हा सगळं खापर एका विचारावर फोडता येत नाही. पण अक्षरं आपोआप येतील या भरवशावर कितीतरी मुलं मागे राहिली हेही खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं, कारण ज्या घरात पुस्तकं आहेत तिथली मुलं कशीही शिकतात, ज्यांच्याकडे फक्त शाळा आहे तीच यात बुडतात.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे. खरीखुरी पुस्तकं, रोजचं मोठ्याने वाचन, मुलांचं स्वतःचं लिखाण, मुलाकडे नीट बघणं, हे सगळं ठेवा. शब्दाचा अंदाज बांधायला शिकवणं सोडून द्या आणि अक्षरं-मात्रा-जोडाक्षरं रोज, ठरवून, क्रमाने शिकवा. इंग्रजीतला हा वाद इतका पेटला त्यात त्यांच्या वेड्यावाकड्या स्पेलिंगचाही हात आहे, आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चाराचं नातं त्या मानाने बरंच सरळ आहे, मग ते हातात असताना मुलाला अंदाज करायला लावायचं कशाला?

आणि गट कशाला, तर नेमकं यासाठीच. आपल्याला पटलेल्या विचारातलं कच्चं काय आहे ते एकट्याला दिसत नाही.

प्रश्न: आम्ही सहा जणी दर पंधरा दिवसांनी भेटतो. पहिले दोन महिने मस्त गेले. आता प्रत्येक मीटिंगला ऑनलाइन माहिती भरण्याची कटकट, पालकांच्या तक्रारी, आणि शेवटी चहा. घरी जाताना वाटतं काहीच झालं नाही. मीटिंगमध्ये नेमकं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणींनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, कटकटी बोलून मोकळं होण्यात वाईट काही नाही, सुरुवातीची दहा मिनिटं त्याला द्या, घड्याळ लावून. प्रॉब्लेम तो नाहीच, प्रॉब्लेम हा आहे की टेबलावर दुसरं काही ठेवलेलंच नसतं. अमेरिकन संशोधिका ज्युडिथ वॉरन लिटल यांनी १९८२ मध्ये शाळांचा अभ्यास केला तेव्हा जिथे शिक्षक खरंच शिकत होते तिथे चार गोष्टी दिसल्या, ते शिकवण्याबद्दल नेमकं बोलायचे, एकमेकांचे वर्ग बघायचे, साहित्य आणि पाठ मिळून तयार करायचे आणि एकमेकांना शिकवायचे. 'नेमकं' हा शब्द इथे धरून ठेवा. "मुलांचं लक्षच नसतं" हे नेमकं नाही. "गोष्ट ऐकताना तो टक लावून बघतो, पण वही उघडली की पेन्सिल शार्प करत बसतो" हे नेमकं आहे.

आता एक पद्धत सांगते जी मला सगळ्यात जास्त आवडते. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये १९६५ ला प्रॉस्पेक्ट नावाची शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी पॅट्रिशिया कारिनी यांनी सहकाऱ्यांबरोबर एका मुलाचं वर्णन करण्याची पद्धत बसवली. फिलाडेल्फियातल्या शिक्षकांच्या एका गटाने १९७८ पासून हीच पद्धत धरून दर आठवड्याला एकमेकांच्या घरी बैठका घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्या चालू ठेवल्या. पद्धत अशी की एक शिक्षिका एकाच मुलाबद्दल सांगते आणि आधीच एक प्रश्न ठरवून येते, उदाहरणार्थ हा इतकं छान बोलतो मग लिहायला का घाबरतो. मग ती पाच बाजूंनी मूल उभं करते. त्याची चाल, हालचाल, आवाज कसा आहे. स्वभाव कसा आहे, मन कशाने दुखावतं, कशाने खुलतं. कुणाबरोबर असतो, मोठ्यांशी कसा वागतो. काय आवडतं, कशात रमतो. आणि विचार कसा करतो, नवीन गोष्ट कशी शिकतो. ती बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, एक जण बैठक चालवते, एक जण लिहून घेते. नंतर बाकीच्या प्रश्न विचारतात आणि सगळ्यात शेवटी सुचवतात. मूल हुशार, ढ, आळशी, घरचं वातावरणच तसं, असले शब्द पूर्ण बंद. पहिल्यांदा करताना फार अवघड जातं, जीभ सारखी तिकडेच वळते, पण दोन-तीन बैठका झाल्या की बोलण्याची सवयच बदलते आणि तो बदल वर्गात दिसायला लागतो.

दुसरी बैठक वाचनाच्या रेकॉर्डिंगवर ठेवा. मुलाला अनोळखी, थोडा अवघड उतारा द्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा (मुलाला आणि पालकांना विचारून, आणि ऐकून झालं की पुसून टाका). गटात सगळ्यांच्या हातात तो उतारा असू दे आणि मूल जे बोललं ते छापील शब्दावर लिहीत चला. समजा वाक्य आहे "घोडा पाण्याजवळ गेला". एक मूल वाचतं "घोडा पानाजवळ गेला" आणि पुढे निघून जातं. दुसरं वाचतं "घोडा नदीजवळ गेला". पहिल्याने अक्षरं जवळपास बघितली, जोडाक्षर सुटलं, आणि घोडा पानाजवळ कशाला जाईल हा प्रश्न त्याला पडला नाही. दुसऱ्याला गोष्ट समजली आहे पण त्याने शब्द वाचलेलाच नाही. जुने होल लँग्वेजवाले दुसऱ्याला शाबासकी द्यायचे, कडक अक्षरवाले बहुतेक पहिल्याला कमी चुकला म्हणतील. गटात हे दोन्ही आवाज असले तर कळतं की दोघांनाही मदत हवी आहे आणि ती वेगवेगळी आहे, पहिल्याला जोडाक्षरांचा सराव आणि "हे पटतं का बघ" म्हणून थांबायची सवय, दुसऱ्याला शब्दावर बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची सवय. तिसरं एखादं मूल "पानाजवळ" म्हणून थांबतं, मागे येतं आणि "पाण्याजवळ" म्हणतं. ते मागे येणं वहीत नक्की टिपा, त्या मुलाला स्वतःचं वाचन ऐकू यायला लागलंय.

यावर गटात वाद होतील. होऊ देत, वाद रेकॉर्डिंगवर होतोय तोवर तो चांगलाच आहे.

तिसरं म्हणजे तुम्ही स्वतः लिहा. १९७४ मध्ये बर्कलीला जेम्स ग्रे यांनी सुरू केलेला लेखन प्रकल्प, जो पुढे नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट झाला, त्याचा पायाच हा होता की लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहावं आणि शिक्षकांना सगळ्यात चांगलं शिक्षकच शिकवतात. वीस मिनिटं लिहा, वाचून दाखवा. कोऱ्या कागदासमोर काय होतं ते पुन्हा अनुभवलं की "दहा ओळींचा निबंध लिहा, आवाज नको" हे म्हणताना आपण जरा अडखळतो.

एका बैठकीत एकच काय ते करा. तिन्ही नको.

प्रश्न: आमच्या शाळेत एक ज्येष्ठ बाई आहेत, तीस वर्षांचा अनुभव. त्यांचं म्हणणं आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, त्याशिवाय पुस्तक हातात द्यायचंच नाही. आमच्या गटाकडे त्या नाटकं म्हणून बघतात. त्यांना बोलवावं का?

बोलवा, आणि सभासद वाढवायचा म्हणून नाही, त्यांना जे येतं ते तुमच्यातल्या कुणालाच येत नसेल म्हणून. तीस वर्षं ज्या बाईंनी मुलांना अक्षरं शिकवली त्यांना कुठल्या अक्षरात मुलं गोंधळतात, कुठली जोडी एकत्र शिकवायची नाही, हात वळत नसेल तर काय करायचं, हे पाठ असतं. त्यांना "आमची पद्धत बघा" म्हणू नका. "बाई, भ आणि म मध्ये ही मुलं घोटाळा करतात, तुम्ही काय करता?" असं विचारा आणि वहीत लिहून घ्या. मान द्यायचा म्हणून नुसता देऊ नका, त्यांनी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात वर्गात करून बघा आणि काय झालं ते त्यांना जाऊन सांगा.

पुस्तक हातात द्यायचं नाही याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. अक्षरं पूर्ण व्हायची वाट बघत मूल वर्षभर गोष्टीपासून लांब राहिलं तर वाचायचं कशासाठी हेच त्याला कळत नाही. वाचून दाखवायला मुलाला अक्षरं यावी लागत नाहीत. न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे आणि त्यांच्या बरोबरच्या शिक्षकांनी मोठ्या अक्षरांची मोठाली पुस्तकं वर्गासमोर धरून सगळ्यांनी मिळून वाचायची पद्धत आणली, त्यात शिक्षिका वाचताना शब्दाखालून बोट फिरवते, मुलं सूर धरतात, आणि त्याच पानावर कालचं शिकलेलं अक्षर शोधता येतं. बाईंना हे करून दाखवा, अक्षर शोधायचा भाग त्यांच्याकडेच द्या. पटलं नाही तरी त्या बसू देत.

प्रश्न: मुख्याध्यापक म्हणतात, तुमच्या गटाचा मुलांना फायदा काय ते आकड्यात दाखवा, नाहीतर शाळेच्या वेळेत बसू देणार नाही. काय दाखवू?

सर चुकीचं मागत नाहीयेत, रागावू नका. शाळेचा वेळ मागताय तर हिशोब द्यावा लागेल.

मरी क्ले या न्यूझीलंडच्या संशोधिकेने रनिंग रेकॉर्ड म्हणून सोपी पद्धत दिली आहे. मूल साधारण शंभर शब्दांचा उतारा वाचतं, शिक्षिका प्रत्येक बरोबर शब्दाला खूण करते, चुकला तर काय वाचलं ते लिहिते, स्वतः सुधारलं तर तशी खूण. ९५ टक्के किंवा जास्त बरोबर असेल तर उतारा त्याला सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य, ९० च्या खाली म्हणजे अवघड. क्ले यांची चुका अर्थाच्या की अक्षराच्या असं वर्गीकरण करायची पद्धत त्याच जुन्या अंदाजाच्या सिद्धांतावर उभी आहे, तेवढा भाग सांभाळून वापरा. शिवाय सुट्या, अनोळखी शब्दांची एक छोटी यादीही वाचून घ्या, कारण गोष्टीत चित्रं बघून मूल तरून जातं आणि आपली फसगत होते, यादीत ते लपत नाही.

हे वर्षाच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी करा, त्याच मुलांचं. सोबत प्रत्येक मुलाच्या लिखाणाचा एक-एक कागद तारीख टाकून ठेवा. "कमळ" च्या जागी सुरुवातीला "कम", मग "कमल", असे बदल कागदावर दिसतात तेव्हा वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मुलाने स्वतःच्या कानाने ऐकून लिहिलेलं चुकीचं शुद्धलेखन सुरुवातीला चालू द्या, शब्दातले आवाज सुटे करायला त्याने मदत होते, पण बरोबर रूप कधीच दाखवायचं नाही असंही करू नका. आकडे वाईट आले तर तेही सरांना दाखवा. काय बदलणार आहात ते त्याच कागदावर लिहा आणि मगच वेळ मागा.

प्रश्न: गट चालवणाऱ्या मॅडमची बदली झाली आणि सगळं थांबलं. पुन्हा कसं सुरू करू?

या वेळी चालवायचं काम फिरतं ठेवा, प्रत्येक बैठक वेगळ्या व्यक्तीने चालवायची, वही दुसऱ्याच कुणीतरी लिहायची, आणि उठायच्या आधी पुढच्या वेळी कुठल्या मुलाबद्दल कोण बोलणार ते ठरवायचं. जुनी वही मॅडमकडेच राहिली असेल तर मागून घ्या. पहिल्याच बैठकीत त्यातलं एखादं मूल काढा, ते आता वरच्या वर्गात असेल, आणि तिथल्या शिक्षकांना बोलावून विचारा की ते आता कसं वाचतंय.